बॅड सेक्टर (डिस्कवरचे नीट वाचता न येणारे भाग) दिसले की आधी डेटा बाहेर काढा, चेकडिस्क नंतर
हार्ड डिस्क कॉपी करताना अडकायला लागली की लगेच चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मारू नका, तिला स्लॅश आर (/r) हा पर्याय लावला की ते अख्खी डिस्क वाचत बसतं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये करंट पेंडिंग सेक्टरचा (वाचताना अडलेल्या सेक्टरांचा) आकडा वाढताना दिसला की वापर तिथेच बंद. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डीडीरेस्क्यू या डेटा वाचवायच्या प्रोग्रामने दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या, मॅपफाइल (कुठवर कॉपी झालं याची नोंद) पण त्याच चांगल्या डिस्कवर ठेवायची, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं, आणि डीडीरेस्क्यू चांगला भाग आधी उचलून खराब जागा शेवटी खरवडतं. कुठून कुठे हे दोनदा बघा, उलटं झालं तर डेटा गेलाच! टकटक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीच नको, पॉवर काढा आणि सरळ रिकव्हरीवाल्याकडे न्या.