मेंटॉर झालात, पण वही बघितलीत का? या चुका टाळा

"सर, विक्री मस्त चाललीये, पण महिनाअखेरीला हातात काहीच उरत नाही."

मी मेंटॉर, म्हणजे नवख्या धंदेवाल्यांना वाट दाखवणारा, आणि नव्याने धंदा सुरू केलेल्या पोरापोरींकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरचा "सर, विक्री" एवढं म्हणाला तरी पुढचं कळतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हे ऐकलं की मी लगेच सुटायचो, मार्केटिंग वाढव, रोज एक रील टाक, नवीन प्रॉडक्ट आण, मोठे ग्राहक पकड, आणि ती बिचारी सगळं लिहून घ्यायची, थँक्यू सर म्हणायची आणि पुढच्या महिन्यात परत तेच रडगाणं. चूक त्यांची नव्हती, मी नाडी न बघताच गोळ्या देत होतो.

माझ्याकडे एक मुलगी यायची, कापडी बॅगा शिवून विकणारी, कामात एकदम चोख. तिचं म्हणणं २५ टक्के मार्जिन आहे. म्हटलं वही दाखव. सोपे आकडे घेऊन सांगतो, तिला ८० ला पडणारी बॅग ती १०० ला विकत होती. म्हणजे खर्चावर २५ टक्के चढवले होते, पण विक्रीच्या हिशोबाने मार्जिन २० टक्केच. तुम्ही म्हणाल पाच टक्क्यांनी काय एवढं बिघडतं? ती मोठ्या ऑर्डरला २० टक्के डिस्काउंट द्यायची आणि तिच्या डोक्यात अजून ५ टक्के आपल्याकडे राहत होते, प्रत्यक्षात राहत होतं शून्य. आणि त्या ८० मध्ये तिची स्वतःची मजुरी धरलेलीच नव्हती, म्हणजे जितकी मोठी ऑर्डर तितकं जास्त फुकटचं काम. वर मी तिला आधीच्या भेटीत सांगितलेलं, मोठ्या ऑर्डर वाढव!

म्हणून पहिली आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: वही न बघता सल्ला देणं. वही म्हणजे एक्सेलच पाहिजे असं काही नाही, साध्या रजिस्टरमध्ये आलेले पैसे, गेलेले पैसे आणि येणं-देणं एवढं असलं तरी पुरे. ते नसेल तर पहिल्या महिन्याचं काम तेवढंच, रोज लिहायचं, बाकी ज्ञान नंतर.

वहीत काय शोधायचं? एक म्हणजे डिस्काउंट. शंभरची वस्तू ७५ ला पडते, नफा २५. दहा टक्के कमी केले की नफा उरतो १५, म्हणजे आधीइतकाच नफा पाडायला जवळपास ६७ टक्के जास्त माल विकायला लागतो. हे गणित एकदा मुलाच्या स्वतःच्या हाताने करून घ्या, तुम्ही करून दाखवू नका. दुसरं उधारी. माल आणणारा ७ दिवसांत पैसे मागतो, ग्राहक ४५ दिवसांनी देतो, मग मधले ३८ दिवस धंदा कोणाच्या पैशावर चालतो? बऱ्याचदा घरच्यांच्या नाहीतर मित्राच्या. आणि विक्री वाढली की हा खड्डा भरत नाही, अजून मोठा होतो. नफा कागदावर आणि खिसा रिकामा, तो असा. इथे मार्केटिंगचा सल्ला म्हणजे आगीत तेल. अर्धा अ‍ॅडव्हान्स मागायला शिकव, माल आणणाऱ्याकडून मुदत वाढवून घे म्हणावं, नाहीतर दोन ग्राहक सोडायला सांग. आणि तिसरं, धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा एकाच खात्यात आहे का बघा, असेल तर वरचं सगळं गणित चुकीचंच निघणार.

आता दुसरी चूक, जी चांगले मेंटॉर जास्त करतात. मदत करता करता धंदाच चालवायला घेणं. एका मुलाला कच्चा माल महाग पडत होता, मी म्हटलं थांब, मी फोन करतो. माझी ओळख होती, रेट लगेच कमी झाला, मुलगा खुश, मी त्याहून खुश. तीन महिन्यांनी रेट परत वाढला तर हा मला फोन करतो, "सर, जरा बोलता का त्यांच्याशी?" आणि तो विक्रेताही याला उत्तर देईना, म्हणे तुमच्या सरांनाच बोलू द्या. म्हणजे मी त्याचं काम सोपं केलं आणि त्याची पत घालवली. आता मुलाने विक्रेत्याला फोन करायच्या आधी मी मुलाशीच सराव करतो, मी विक्रेता होतो, तो भाव करतो, पहिल्यांदा फार अडखळतात पण चालतं. ओळख करून दिली तर फक्त ओळख, भाव त्यानेच करायचा.

पैशाचं तर अजिबातच नको. मेंटॉरने उसने द्यायचे नाहीत, जामीन राहायचं नाही, आणि "थोडी भागीदारी दे, मग मी लक्ष घालतो" हे तर नाहीच नाही. पैसा मध्ये आला की मुलगा खरं सांगायचं बंद करतो, साधी गोष्ट आहे. पैसा वेगळ्या खिडकीतून आणि मेंटॉर वेगळ्या, पण दोघांची सांगड असावी, हे ज्यांनी मोठ्या प्रमाणावर केलंय त्यांनाही कळलेलं आहे. अमेरिकेत स्कोअर नावाची मेंटॉर देणारी संस्था १९६४ पासून आहे, तिथे निवृत्त आणि अनुभवी मंडळी फुकट वेळ देतात. ब्रिटनमध्ये १९७६ ला आताचे राजे चार्ल्स यांनी नौदल सोडताना मिळालेल्या ७,४०० पौंडांतून प्रिन्स'स ट्रस्ट (राजपुत्राचा ट्रस्ट) काढला, आता त्याचं नाव किंग्ज ट्रस्ट झालंय, त्यांनी तरुणांना धंद्यासाठी भांडवल आणि सोबत एक मेंटॉर हा प्रकार चालवला. त्याच धर्तीवर भारतात १९९२ ला भारतीय युवा शक्ती ट्रस्ट आला. नुसतं कर्ज देऊन सोडून दिलं नाही, हा यातला खरा मुद्दा.

जोडी लावतानाची चूक: नाव मोठं म्हणून मेंटॉर निवडणं. मोठ्या उद्योगपतीला आपले पहिले सहा महिने आठवतच नाहीत हो, तो सरळ म्हणतो "एक मॅनेजर ठेव". इथे पोरगा स्वतःच पॅकिंग करतोय! त्यापेक्षा याच्या चार-पाच वर्षं पुढे असलेला चालतो. फक्त त्याच गिऱ्हाइकांच्या मागे असलेला नको, नाहीतर एकजण लपवणार आणि दुसरा चोरणार.

आणि पहिल्याच भेटीत ठरवायच्या गोष्टी कोणी ठरवतच नाही, "कधीही फोन कर" म्हणतात. कधीही म्हणजे कधीच नाही. पहिले तीन महिने दर १५ दिवसांनी एक तास, मग महिन्यातून एकदा, वर्षाने थांबायचं का चालू ठेवायचं ते बोलायचं, काय बाहेर सांगायचं नाही तेही. एका कागदावर लिहा आणि दोघांनी ठेवा, झालं.

मग तरीही अडतंच. सगळ्यात कॉमन तक्रार: मुलगा फोन उचलत नाही, मेसेजवर निळ्या टिका पण उत्तर नाही. मेंटॉर लगेच ठरवतात की याला गरजच नाही, सिरीयस नाही. मला तरी बहुतेक वेळा उलट दिसलंय, ठरलेलं काम झालेलं नसतं आणि तोंड दाखवायची लाज वाटते. "का नाही केलंस?" असा मेसेज टाकलात की संपलं. मी लिहितो, "काम राहू दे, येताना फक्त वही आण." आणि मग मागच्या भेटीत काय दिलं होतं ते बघतो, पाच कामं दिलेली असतात, चूक माझीच. एका भेटीला एक काम, तेही पुढच्या आठवड्यात होईल एवढंच.

वाईट बातमी पहिल्यांदा सांगेल तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो हेही बघा. एकाने एक हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज काढलं होतं, मला सहा महिन्यांनी कळलं, कारण त्याआधी एकदा त्याने छोटंसं नुकसान सांगितलं तेव्हा मी अर्धा तास लेक्चर दिलं होतं.

आयडिया छान आहे का असं नातेवाइकांना विचारणाऱ्यांना मी काही बोलत नाही, फक्त म्हणतो यातल्या कोणी अ‍ॅडव्हान्स दिला का ते सांग.

शेवटचं जरा कठीण. कधी कधी धंदा बंद कर हेच सांगायला लागतं, आणि ते मेंटॉरला जमत नाही कारण आपलाही इगो अडकलेला असतो, मी घडवलेला मुलगा वगैरे. प्रिंटिंगचं काम करणारा एकजण होता, त्याच्या वहीत सलग आठ महिने तोटा दिसत होता आणि मी दर वेळी "अजून एक सीझन बघू" म्हणत होतो. शेवटी त्यानेच विचारलं, "सर, तुम्ही माझ्या जागी असता तर चालू ठेवलं असतं का?" मी नाही म्हणालो. मशीन विकून लोन फिटलं, घरच्यांकडून घेतलेले अजून थोडे थोडे देतोय.