कोकणातली जुनी गाडी विकायला काढताना

जाहिरातीचे फोटो काढायच्या आधी गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवा आणि खालून बघा. एमएच 08 किंवा 07 ची पाटी दिसली की घाटावरचं गिऱ्हाईक आधी वाकून खाली बघतं, रंगाकडे नंतर. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि पडवीत ओलीच उभी राहिलेली गाडी म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नाही. तेव्हा त्याला जे दिसणार आहे ते आपण आधी बघून ठेवलेलं बरं. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या वरच्या कमानी, जॅक लावायची जागा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि मॅट उचलून खालचा पत्रा, एवढं तरी बघाच. पान्ह्याने हलकेच ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर वरवरचा गंज आहे, घासून प्रायमर मारला की भागतं. बद्द आवाज आला तर पत्रा आतून गेलाय.

गेलेल्या पत्र्यावर काळं कोटिंग फासून घेण्याचा सल्ला हमखास मिळेल. माझ्या मते तो पैसा वाया. जुन्या गाडीखाली नवंकोरं कोटिंग दिसलं की जाणत्या माणसाचा संशय वाढतोच. आमच्या 2012 च्या वॅगन-आरला चालकाच्या मॅटखाली रुपयाएवढं भोक होतं. त्याचा फोटो आम्ही जाहिरातीतच टाकला. फोन कमी आले, पण गुहागरपर्यंत जे आले त्यांनी त्या भोकावरून पाच पैसे कमी करा म्हटलं नाही.

चिपळूण-खेडकडची गाडी असेल तर दुसरा प्रश्न ठरलेला: 22 जुलै 2021 ला ही कुठे होती? नुसतं ‘पुरात नव्हती’ म्हणून भागत नाही. त्या वर्षीची सर्व्हिसिंगची बिलं आणि विम्याची पॉलिसी काढून ठेवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवा, कारण पुराचं पाणी शिरलेल्या गाडीत गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंजही बोलका असतो. गाडी खरंच पाण्यात होती तर तसंच लिहा आणि काय काय बदललं ते बिलांसकट लिहा.

आता कागद. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जाहिरातीच्या निदान महिनाभर आधी सुरुवात करा. आरसी कोणाच्या नावावर आहे? प्रश्न वेडगळ वाटेल, पण आपल्याकडे गाडी गावात आणि मालक भांडुपला, किंवा गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील जाऊन तीन वर्षं झाली, असं घराघरात आहे. मालक हयात नसेल तर आधी 31 नंबरच्या फॉर्मवर वारसाच्या नावाने गाडी करून घ्यावी लागते, मगच पुढची विक्री. मग आरसीवर बँकेचा बोजा बघा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नोंद तशीच असते. ती उतरवायला बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा 35 नंबरचा फॉर्म लागतो. आमची शाखा मध्यंतरी दुसरीकडे हलली होती, त्या एका कागदासाठी मला चार खेपा पडल्या. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदलेला मोबाइल नंबर चालू आहे का, तेही आत्ताच तपासा. ओटीपी त्यावरच येतो, आणि बारा वर्षांपूर्वीचं सिम कुठे आहे ते कोणालाच आठवत नसतं.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. चौदावं चालू असेल तर पुनर्नोंदणी करून विकायची की तशीच स्वस्तात द्यायची, ते आधी ठरवा आणि जाहिरातीत तसं लिहा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, हवी. चारचाकीला 745 रुपये आणि वर जीएसटी. ती नसली तर हस्तांतराचं काम अडतं. ई-चलनं भरून टाका. मुंबई-गोवा महामार्गावर कॅमेऱ्याने कधी टिपलं ते आपल्याला ठाऊकही नसतं. प्रदूषणाच्या जुन्या, बीएस-3 निकषाच्या गाडीची पीयूसी सहाच महिने चालते. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर चढलेलं असावं. विमा चालू ठेवा, नाहीतर गाडी चालवून बघायला देताच येणार नाही.

फोटो सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी काढा. गाडी धुतलेली हवी, पण पॉलिश करून चकाकवलेली नको. चारही बाजू, टायरची नक्षी, इंजिन, मीटरचं किलोमीटर, सीटा, आणि प्रत्येक ओरखडा. आणि कृपा करून किनाऱ्यावर उभी करून फोटो काढू नका! मागे समुद्र, पुढे गाडी, फोटो झकास येतो आणि भाव खाली येतो, कारण बघणाऱ्याला फक्त वाळूत उतरवलेली गाडी दिसते. पाटीचे शेवटचे आकडे झाका, आरसीचा फोटो तर टाकूच नका.

मजकुरात वर्ष, मॉडेल, इंधन, कितवा मालक, किलोमीटर, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, टायर-बॅटरी कधी बदलली आणि काय बिघडलेलं आहे, एवढं आलं की पुरे. कुंभार्ली किंवा आंबा घाटात नेहमी जाणारी गाडी असेल तर क्लच प्लेट कधी टाकली ते आवर्जून लिहा, ते विचारतातच. ‘लेडीज यूज्ड’, ‘शोरूम कंडिशन’ हे शब्द वगळा, त्यांना कोणी भुलत नाही. भावासाठी तुमच्यासारख्या पाच-सहा जाहिराती बघा, पण पुण्यातल्या गाडीचा आकडा जसाच्या तसा लावू नका. घासाघिशीला थोडी जागा ठेवा आणि खालचा आकडा घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही बाहेर असताना काका गाडी देऊन मोकळे होतील. जाहिरात गणपतीच्या पंधरा दिवस आधी टाकावी असं माझं मत. चाकरमानी गावात असतात, गाडी प्रत्यक्ष बघतात. पुढे पितृपक्षात व्यवहार हलत नाही.

पहिल्याच दिवशी ‘मी सैन्यात आहे, गाडी न बघता घेतो’ असा फोन येऊ शकतो. तो आगाऊ रक्कम पाठवायच्या नावाखाली क्यूआर कोड पाठवेल आणि स्कॅन करायला सांगेल. पैसे यायला ना स्कॅन लागतो ना पिन. तिथेच फोन ठेवा.

गाडी बघायला येणाऱ्याला बाजारपेठेत किंवा ओळखीच्या गॅरेजसमोर बोलवा. इंजिन थंड ठेवा, गरम करून ठेवलेलं चांगल्या मेकॅनिकला कळतं. चालवायला देताना लायसन्स बघा आणि स्वतः शेजारी बसा. एखादा चढ मुद्दाम घ्या.

सौदा ठरला की इसार घ्या आणि पावती द्या. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय चावी हातातून सोडू नका. मालकी बदलाचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म खरेदीदाराचं नाव-पत्ता भरूनच सही करा, एजंट कोरे मागेल तरी. गाडी राज्यातच राहणार असेल तर विक्रीची खबर आरटीओला 14 दिवसांत द्यायची असते. गोव्यात जाणार असेल तर 28 नंबरच्या फॉर्मवर एनओसी आधी काढा. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. गाडी हातोहात पुढे विकली गेली तरी नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलेलं आहे. त्या दिवशी संध्याकाळी तुमची गाडी कोण चालवतंय, हे कागदावर असलेलं बरं.

फास्टॅग काढून बंद करा. क्लेम नसेल तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीला उपयोगी पडतं. दुसरी चावी, जॅक, पान्हा द्या, डॅशबोर्डवरचा गणपती काढून घ्या. ‘वाहन’वर नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला बघत राहा. आमचं दिसायला जवळजवळ दोन महिने लागले, आणि तोवर खरेदीदाराला मी इतके फोन केले की शेवटी त्यांच्या आईच फोन उचलायला लागल्या.