फॉल्ट तेल अडवतो की सोडतो? वहीच्या पानावर तपासून बघा

परवा त्र्यंबकला जाताना भाच्याने अंजनेरीच्या कड्यातली एक उभी फट दाखवली आणि म्हणाला, "मामा, हा फॉल्ट ना? मग इथे बोअर मारला तर तेल लागेल?" नाही लागणार रे बाबा. आपल्या नाशिकचा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा, त्यात तेल शिजायला लागणारा सेंद्रिय गाळच नाही. पण प्रश्न बरोबर होता, म्हणून घरी येऊन त्याच्याच वहीचं पान घेऊन बसलो.

आधी फट आणि फॉल्ट (जिच्या दोन बाजूंचे दगड एकमेकांवरून सरकलेत अशी फट) वेगळे ओळखा. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दगडात कधी कधी दोन काळ्या थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो. तो फटीच्या दोन्ही बाजूंना एकाच लेव्हलला असेल तर नुसती फट, एका बाजूला खाली उतरला असेल तर फॉल्ट.

आता पानावर वरून खाली आडवे पट्टे आखा: ४ सेंमी शेल (चिकणमातीचा घट्ट दगड), २ सेंमी वाळूचा दगड, ३ सेंमी शेल, परत २ सेंमी वाळू, आणि तळाला ३ सेंमी काळा शेल, तेल तयार होतं ते इथे. वाळू पिवळी रंगवा. मग मधोमध उभं कापा (खरा फॉल्ट तिरका असतो, पण हिशोबाला सरळ बरा) आणि दोन्ही तुकडे तसेच जुळवून उजवी कड थोडी वर येईल असे फिरवून ठेवा. दगडाच्या छिद्रांत पाणी भरलेलं असतं, तेल त्याहून हलकं, म्हणून ते डाव्या तुकड्यात वाळूवाळूने वर चढत कापापर्यंत येणार. पुढे काय, तीच तर खरी गंमत.

उजवा तुकडा १ सेंमी खाली सरकवा. डाव्या बाजूच्या वरच्या वाळूचा माथ्याकडचा अर्धा भाग शेलसमोर आला, खालचा अर्धा अजून वाळूसमोरच आहे. म्हणजे वरच्या १ सेंमीत तेल साठेल, त्याच्या खाली भरायला लागलं की पलीकडे पळेल, अगदी भोक पडलेल्या बादलीसारखं.

मूळ जागेपासून एकूण ३ सेंमी सरकवा. डावीकडच्या दोन्ही वाळूंसमोर शेल. दार बंद.

एकूण ५ सेंमी सरकवा. डावीकडची खालची वाळू आता उजवीकडच्या वरच्या वाळूला बरोब्बर भिडली! भाचा लगेच म्हणाला, "गळणार." बहुतेक जण हेच म्हणतील आणि इथेच चुकतील, कारण दगड घासत सरकताना मधला शेल फॉल्टच्या फटीत लिंपला जातो, चुलीला पोतेरं मारतो ना तसा. म्हणून त्या जागेसमोरून सरकून गेलेल्या शेलची जाडी भागिले एकूण सरकणं, एवढा भागाकार करा. इथे ३ भागिले ५, म्हणजे ६० टक्के. साधारण १५ ते २० टक्क्यांच्या वर गेलं की फॉल्ट अडवायला लागतो असं तेलवाले धरून चालतात. म्हणजे वाळूला वाळू भिडूनही तेल अडू शकतं. १ सेंमीवाल्या केसमध्ये मात्र वाळूच वाळूवर घासली, शेल शून्य, तिथे गळतीच.

प्रत्यक्षात बघायचं तर राजस्थानात बाडमेरचं मंगला हे तेलक्षेत्र, २००४ साली सापडलेलं, ते अशाच फॉल्टने तुटून कललेल्या ठोकळ्यात आहे. आणि आपलाच काळा दगड गुजरातेत खंभातच्या खोऱ्यात फॉल्टवरून खोल खाली उतरलाय, त्याच्यावर गाळाचे जाड थर साचले, त्यातून अंकलेश्वरचं तेल १९६० मध्ये मिळालं. गुजरातेतच वडोदऱ्याजवळच्या पाद्रा गावी तर चक्क त्या काळ्या दगडाच्या फटींतच तेल सापडलंय. भाच्याला हे सांगितलं तर तो परत अंजनेरीवर आला, पण तिथे फट असली तरी ती भरायला शेजारी तेल देणारा शेल नको का!

कागदावर एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे वेळ. तेल यायच्या आधी फॉल्ट सरकून बंद झालेला पाहिजे, तेल निघून गेल्यावर सरकला तर काय उपयोग. आणि साठा भरल्यावर तोच फॉल्ट पुन्हा हलला तर लिंपलेला शेल फाटतो, दाबाखालचं तेल आणि गॅस त्या फटीतूनच सरळ वर चढतात, गॅस तर आधी. मग विहीर खणल्यावर वाळूच्या दगडात तेलाचे नुसते डाग सापडतात आणि बाकी सगळं खारं पाणी.