धातू गाळा, ‘टु’ ठेवा

खानापुरात आमच्या पडवीत संध्याकाळी दहावीची सात-आठ मुलं शिकवणीला बसतात. घरात मराठी, बाजारात कानडी, इंग्रजी फक्त पेपरात. परवा विचारलं, ‘डू यू वॉन्ट टु गो टु बेळगाव?’ एकीनं अख्खं वाक्य परत म्हटलं, ‘येस, आय वॉन्ट टु गो टु बेळगाव.’ चूक नाही, पण लांबण. दुसरा म्हणाला, ‘येस, आय वॉन्ट.’ हे मात्र चुकलं की!

म्हणायचं ‘येस, आय वॉन्ट टु.’

हा लोंबकळणारा ‘टु’ पोरांना अर्धवट वाटतो. साहजिकच आहे. ‘जायला’मधला ‘यला’ काय, कानडी ‘होगाक’मधला ‘आक’ काय, धातूला चिकटलेला. तोडून एकटा उभा करता येत नाही. इंग्रजीतला ‘टु’ सुटा. म्हणून आधी तेच क्रियापद येऊन गेलं असेल, तर पेन्सिल घ्या आणि ‘टु’च्या पुढचं सगळं खोडा. ‘आय वॉन्टेड टु कॉल यू, बट आय फरगॉट टु कॉल यू’ याचं उरतं ‘...बट आय फरगॉट टु.’

‘बी’ मात्र खोडू नका. ‘शी इज नॉट ॲज शाय ॲज शी यूज्ड टु बी’ इथे ‘बी’ हवाच. उलट ‘कम इफ यू लाइक’मध्ये ‘टु’सुद्धा लागत नाही. पण ‘वुड लाइक’ आलं, की ‘टु’ परत आणा.

‘साठी’ दिसलं की मुलं ‘फॉर बाइंग’ नाहीतर ‘इन ऑर्डर टु बाय’ लिहितात. ‘आय वेंट टु शहापूर टु बाय अ सारी’ एवढं पुरे. फक्त नकार असेल तर ‘इन ऑर्डर नॉट टु वेक द बेबी’ तसंच राहू द्या; तिथे नुसतं ‘नॉट टु’ लंगडतं.

‘मेक’ आणि ‘लेट’नंतर ‘टु’ नाही: ‘लेट हिम गो.’ ‘हेल्प’ला दोन्ही चालतं.

आता परीक्षेतलं लाडकं. ‘द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट’ याचं ‘द टी इज टू हॉट टु ड्रिंक.’ पहिला टू दीर्घ, दोन ‘ओ’वाला. शेवटचा ‘इट’ गेला, कारण पिण्याची वस्तू सुरुवातीलाच आली आहे. दरवर्षी निम्मी पोरं तो ‘इट’ चिकटवून ठेवतात, आणि मी लाल पेनानं खोडत बसते तोवर माझा चहा गार झालेला असतो.