स्पेनमध्ये घर घेताय? पैसे पाठवायच्या आधी या चुका टाळा

स्पेनमध्ये फ्लॅट घेऊन ठेवावा का, लाँग टर्मला बरा पडेल का, हे हल्ली बरेच जण विचारतात. दुबईतली मराठी मंडळी विचारतात, लंडनवाले विचारतात आणि आता पुण्यात बसून रात्री मालागाचे फ्लॅट स्क्रोल करणारेही विचारायला लागलेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. पंधरा-वीस वर्षं ठेवायची तयारी असेल, वर्षातले काही आठवडे स्वतः राहणार असाल आणि पैसे अडकले तरी घरचं काही अडणार नसेल, तर घ्या, वाईट नाही. पण "भाड्यात हप्ता निघेल, वर भाव डबल होईल" या हिशोबाने घेणार असाल तर बहुतेक वेळा ते गणित बसतच नाही, का ते खाली बघू.

घर घेतलं की व्हिसा मिळतो, हे डोक्यातून काढा

गोल्डन व्हिसा बंद झालाय. 2013 च्या कायद्याने 5 लाख युरोची प्रॉपर्टी घेतली की राहायचा परवाना मिळायचा, तो रस्ता 3 एप्रिल 2025 ला बंद केला. तरीही काही एजंट जुने व्हिडिओ फिरवतायत आणि लोक विश्वास ठेवतायत. घर तुमच्या नावावर असलं तरी टुरिस्ट म्हणून 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, बास. रिटायर होऊन राहायचं असेल तर नॉन-लुक्रेटिव्ह व्हिसा आहे, त्याला महिन्याला साधारण 2,400 युरोचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि तिथे काम करता येत नाही. त्याचा घर घेण्याशी संबंध नाही, भाड्याच्या घरावरही मिळतो.

आणि एक. जानेवारी 2025 मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेस यांनी युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्या परदेशी खरेदीदारांवर 100 टक्क्यांपर्यंत टॅक्स लावायचा प्रस्ताव मांडला होता. मे मध्ये त्यांच्या पक्षाने तसं विधेयकही संसदेत दिलं. प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे, पण वारं कुठे वाहतंय ते कळतं. घरांच्या किमतींवरून तिथली पोरं रस्त्यावर उतरलीत, 2024 च्या उन्हाळ्यात बार्सिलोनात पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. अशा देशात परदेशी मालक हा राजकारण्यांसाठी सोपा माणूस असतो कारण तो मत देत नाही.

"स्पेनचा भाव वरच जातो"

आत्ता जातोय हे खरं. तिथल्या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या आकड्यांप्रमाणे 2024 च्या शेवटच्या तिमाहीत घरं वर्षभरात 11.3 टक्क्यांनी महागली होती. पण जे हा आकडा दाखवतात ते 2008 चं नाव काढत नाहीत. त्या वेळी बुडबुडा फुटला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत देशाच्या सरासरीने भाव जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरले, किनाऱ्यावर काही ठिकाणी त्याहून जास्त. माद्रिदच्या दक्षिणेला सेसेन्यात हजारो फ्लॅटची वसाहत उभी राहिली आणि बरीच वर्षं अर्धीमुर्धी रिकामी पडली, कास्तेयोनला 2011 मध्ये एअरपोर्टचं उद्घाटन झालं आणि पहिलं प्रवासी विमान 2015 ला उतरलं. ज्याने शिखरावर घेतलं त्याला नुसता खरेदीचा भाव परत दिसायला देशाच्या सरासरीने दीड दशकाहून जास्त काळ गेला, महागाई धरली तर अजून वाईट.

म्हणून "स्पेन" असा एकच बाजार धरू नका. माद्रिद, वालेन्सिया, मालागा शहर इथे नोकऱ्या आहेत, भाडेकरू बारा महिने मिळतो. किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या वसाहती हिवाळ्यात ओस पडतात, आणि आतल्या भागात, तेरुएल, सोरियाकडे, जी स्वस्त दगडी घरं यूट्यूबवर दिसतात ती स्वस्त आहेत कारण गावात माणूस उरलेला नाही, विकायला काढलं तर घेणार कोण.

भाड्याचा हिशोब ब्रोशरवर करणं

ही सगळ्यात कॉमन चूक, म्हणून जरा डिटेलमध्ये. समजा मालागा प्रांतात जुना फ्लॅट 2 लाख युरोला घेतला आणि लाँग टर्म भाडं महिना 900 युरो. एजंट सांगतो, वर्षाला 10,800, म्हणजे 5.4 टक्के. ऐकायला छान.

आता आधी खरेदीचा खर्च. रिसेलच्या घरावर ट्रान्स्फर टॅक्स लागतो आणि तो राज्याप्रमाणे बदलतो, माद्रिदला 6 टक्के, आंदालुसियात (मालागा यातच येतं) 7, कातालुन्यात (बार्सिलोनाचं राज्य) 10 पासून वर. नवीन घरावर त्याऐवजी 10 टक्के व्हॅट अधिक स्टँप ड्यूटी. आपल्या उदाहरणात 14,000 टॅक्स, वर वकील, नोटरी, रजिस्ट्री मिळून चार-पाच हजार. म्हणजे घर पडलं 2,19,000 च्या आसपास.

मग वर्षाचं. तुम्ही दुबईत, लंडनमध्ये किंवा भारतात राहता म्हणजे टॅक्सच्या दृष्टीने युनियनबाहेरचे, तर भाड्यावर 24 टक्के, तेही नियमाप्रमाणे खर्च वजा न करता. इथे पासपोर्ट बघत नाहीत, तुम्ही टॅक्स कुठे भरता ते बघतात, म्हणून म्युनिकमध्ये राहणारा आपलाच मराठी पोरगा 19 टक्के भरतो आणि खर्चही वजा करतो. (2025 मध्ये एका कोर्टाने बाहेरच्यांनाही खर्च वजा करू द्यावेत असा निकाल दिलाय, पण हिशोब करताना तो धरू नका, मिळालं तर बोनस.) 10,800 वर 24 टक्के म्हणजे 2,592 गेले. सोसायटी मेंटेनन्स, ज्याला तिथे कोमुनिदाद म्हणतात, महिना 80 धरा, 960. घरपट्टी म्हणजे इबी 500, इन्शुरन्स 250, भाडेकरू सांभाळणारी एजन्सी दहा टक्के अधिक व्हॅट म्हणजे 1,300, टॅक्सचे कागद भरणारा हेस्तोर 200. हातात राहिले पाच हजार, 2,19,000 वर 2.3 टक्के. एक महिना घर रिकामं राहिलं किंवा गीझर गेला की दोनच्या आसपास. या उदाहरणातले टॅक्सचे दर सोडले तर बाकी आकडे तुमच्या घराप्रमाणे बदला, पण हा पूर्ण हिशोब कागदावर मांडल्याशिवाय टोकन देऊ नका.

आणि घर भाड्याने दिलं नाही तरी टॅक्स सुटत नाही बरं का. सरकारी दप्तरातल्या किमतीच्या 1.1 किंवा 2 टक्के हे तुमचं मानीव उत्पन्न धरतात आणि त्यावर 24 टक्के. रक्कम छोटी असते, दोन-तीनशे युरो, म्हणूनच लोक विसरतात. मोदेलो 210 नावाचा फॉर्म आहे, पुढच्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत भरायचा. राहून गेला असेल तर टॅक्स ऑफिसचं पत्र यायच्या आधी स्वतःहून भरा, मग दंडाऐवजी फक्त सरचार्ज लागतो, 1 टक्का अधिक उशिराच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला 1 टक्का, वर्षाच्या पुढे गेलं की 15.

सुट्टीवाल्यांना रोजाने देऊ, डबल कमाई

ही आयडिया पाच-सात वर्षांपूर्वी चालायची. आता नाही म्हणायचं एवढ्यासाठी की नियम दर वर्षी आवळतायत. बार्सिलोनाने जाहीर केलंय की नोव्हेंबर 2028 पर्यंत शहरातले सगळे, म्हणजे दहा हजारांवर, टुरिस्ट फ्लॅटचे लायसन्स संपवणार. 3 एप्रिल 2025 पासून नवीन टुरिस्ट फ्लॅटसाठी सोसायटीच्या तीन पंचमांश मालकांची मंजुरी लागते. 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन जाहिरातीला राष्ट्रीय रजिस्ट्रेशन नंबर सक्तीचा. "लायसन्स मिळून जाईल" असं तोंडी सांगणाऱ्याला, लेखी दे म्हणा, चेहरा बघण्यासारखा होतो.

लाँग टर्म देताना पण माहिती ठेवा, मालक व्यक्ती असेल तर भाडेकरूला पाच वर्षं राहायचा हक्क आहे, कंपनी असेल तर सात. 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स डोक्यात ठेवून गेलात तर फसाल. 2023 च्या गृहनिर्माण कायद्याने "ताणाचे विभाग", म्हणजे जिथे घरं परवडेनाशी झालीत असे भाग, जाहीर करता येतात, तिथे भाड्यालाच मर्यादा, कातालुन्यात मार्च 2024 पासून ती लागू आहे. आणि भाडेकरूने भाडं थांबवलं तर कोर्टाचा रस्ता लांबचा, बाहेरून बसून तर अजूनच.

कागद वकिलावर सोडून स्वतः न वाचणं

नोता सिंप्ले हा कागद रजिस्ट्रीतून ऑनलाइन मिळतो, खर्च दहा-अकरा युरो. आपल्या सात-बाराच्या उताऱ्यासारखा समजा, एक-दोन पानं असतात, आणि फोनचा ट्रान्सलेटर लावला तरी वाचता येतो. तीन गोष्टी शोधा. मालक कोण आणि किती हिस्सा, कारण चार भावंडांचं घर एकच भाऊ विकायला काढतो असं तिथेही होतं. मग कार्गास, म्हणजे बोजा, कर्ज, जप्ती. आणि घराचं वर्णन, किती चौरस मीटर, त्यात ती गच्चीवरची काचेची खोली आणि स्विमिंग पूल आहे का. कागदावर 70 मीटर आणि प्रत्यक्षात 110 असेल तर वरचे 40 बिनपरवाना असायची शक्यता मोठी. जाहिरातीतला एरियाही बघा, "कोन्स्त्रुइदोस" म्हणजे भिंतीसकट बिल्टअप आणि "ऊतिलेस" म्हणजे कार्पेट, हा खेळ आपल्याला नवीन नाही.

गावाबाहेरच्या घरात जास्त धोका. आल्मेरियातल्या वेरा गावात जानेवारी 2008 मध्ये एका ब्रिटिश जोडप्याचं घर पाडलं होतं, त्यांनी पैसे भरून, परवानगी आहे असं समजून बांधलेलं, नंतर ती परवानगीच बेकायदा ठरली. शिवाय काही भागांत, उदाहरणार्थ कार्ताखेनाच्या आसपास किंवा बेटांवर, युनियनबाहेरच्या माणसाला शेतजमीन किंवा बिगरशहरी जागा घ्यायला लष्कराची परवानगी लागते, त्यात महिने जातात.

जाहिरातीत भाव संशयास्पद कमी असेल तर खाली बारीक अक्षरात दोन शब्द असतात. "नुदा प्रोपिएदाद" म्हणजे घर तुमचं, पण आत राहणारे आजोबा हयात असेपर्यंत तेच राहणार. "ओकुपादा" आणि सोबत "आतून बघता येणार नाही" म्हणजे आत कोणीतरी घुसून बसलंय किंवा भाडेकरू हलत नाही, आणि ती कटकट भावासकट तुमच्या गळ्यात.

थकबाकीचं पण तसंच. आधीच्या मालकाने मेंटेनन्स बुडवला असेल तर चालू वर्ष आणि मागची तीन वर्षं, एवढी वसुली सोसायटी नवीन मालकाच्या घरावरून करू शकते. नोटरीकडे जायच्या आधी सेक्रेटरीकडून थकबाकी नसल्याचा दाखला मागवा. आणि ट्रान्स्फर टॅक्स तुम्ही ठरवलेल्या भावावर लागेल असंही धरू नका, 2022 पासून सरकारची रेफरन्स व्हॅल्यू जास्त असेल तर टॅक्स तिच्यावर, आपल्या रेडी रेकनरचाच भाऊ.

टोकनचं बघा. आरास नावाचा करार होतो, साधारण 10 टक्के, तुम्ही मागे हटलात तर ते गेले, विकणारा हटला तर त्याने दुप्पट द्यायचे. परदेशी माणसाला बँक किमतीच्या 60-70 टक्केच कर्ज देते आणि शेवटच्या क्षणी नाहीही म्हणते, म्हणून "कर्ज नाकारलं तर टोकन परत" हे कलम घातल्याशिवाय सही नको. वकील तुमचा हवा, बिल्डरने "आमचेच वापरा, फ्री आहेत" म्हटलं की दुसरा शोधा.

भारतातून पैसे पाठवणारे इथे अडकतात

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. दहा लाख रुपयांच्या वर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, घेते, युरो शंभर रुपये धरला तर 2 कोटींवर एका नावाने 38 लाख. ते रिटर्नमध्ये परत मिळतात किंवा अॅडव्हान्स टॅक्समध्ये धरता येतात, पण तोपर्यंत अडकलेले, आणि हे लोकांना बँकेच्या काउंटरवर कळतं. दोन वर्षांची लिमिट जोडायला मार्चमध्ये अर्धे आणि एप्रिलमध्ये अर्धे पाठवणारे आहेत, चालतं, फक्त न वापरलेले पैसे 180 दिवसांच्या पुढे बाहेर नुसते पडून राहू देत नाहीत, तेव्हा घर फायनल व्हायच्या आत घाई नको. तिथल्या बँकेचं कर्ज भारतात राहून घ्यायचं असेल तर फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, प्रश्न येतो, सीएशी बोलल्याशिवाय नाही.

रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं, घर रिकामं असलं तरी. ब्लॅक मनी कायद्याखाली दंड 10 लाख आहे, आणि 2024 मध्ये 20 लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला जी सूट दिली ती स्थावर मालमत्तेला लागू नाही. स्पेनमध्ये भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, पण त्यासाठी पावत्या जपून ठेवाव्या लागतात आणि रिटर्नसोबत फॉर्म भरावा लागतो.

विकायचं कसं हे घेतानाच विचारा

विकताना नफ्यावर 19 टक्के, महापालिकेचा प्लुसवालिया, म्हणजे जमिनीच्या वाढलेल्या किमतीवरचा टॅक्स, वेगळा, एजंट तीन ते पाच टक्के अधिक व्हॅट. शिवाय विकणारा परदेशात राहत असेल तर खरेदीदार किमतीच्या 3 टक्के कापून थेट टॅक्स ऑफिसला भरतो. 2,40,000 ला विकलं तर 7,200 युरो असे बाजूला जातात, तुमचा टॅक्स त्याहून कमी निघत असेल तर फरक परत मिळतो, पण विक्रीपासून चार महिन्यांच्या आत पुन्हा तोच मोदेलो 210 भरून मागावा लागतो, आणि मागच्या वर्षांचे 210 भरले नसतील तर ते आधी त्यातून कापून घेतात.