टोपीत रंग बदलताना पडणारी पायरी: मला जमलेला उपाय
उरलेल्या लोकरीची पट्ट्यापट्ट्यांची टोपी क्रोशाच्या सुईने, फेरी न जोडता गोल विणताना, रंग बदलला की तिथे पायरी दिसायची. घट्ट विणून पाहिलं, गाठ मारून पाहिलं. ढिम्म फरक नाही, नुसता वैताग.

जमलं ते असं: जुन्या रंगाचा शेवटचा मुका खांब (सिंगल क्रोशे, साधा आखूड टाका) अर्धाच विणा. सुईवर दोन लूप उरले की नवी लोकर घेऊन दोन्हींतून ओढा. पुढच्या टाक्यात खांब नाही, नव्या रंगाची स्लिप स्टिच, म्हणजे टाक्यातून ओढलेली लोकर थेट सुईवरच्या लूपमधूनही काढायची. सैलच, नाहीतर पुढे सुई शिरत नाही. मग नेहमीचे मुके खांब. फेरी फिरून आली की त्या स्लिप स्टिचमध्येच मुका खांब घाला. हा टाका विणायचा हमखास राहून जातो आणि टोपी आवळत जाते, म्हणून तिथे खुणेचा दोरा अडकवा. एकाच फेरीच्या पट्ट्याला हे नीट जमत नाही. निदान दोन फेऱ्या हव्यात.