मिरज, धारवाड, फोंडा: पेटी-तबला घेऊन निघण्याआधी

तिकिटं काढायच्याही आधी फोन करायचे. आणि फोनवर ‘कधी येऊ?’ हे नंतर, ‘तुझी पट्टी कुठली?’ (म्हणजे तुझा सा कुठल्या सुरावर) हे आधी. ज्यांच्या घरी उतरायचं ते सगळे गाणारे-वाजवणारे असतील तर सामानाची निम्मी यादी या एका उत्तरातून तयार होते.

आमची वाट सोपी आहे: पुण्याहून मिरज, मिरजेहून धारवाड, तिथून खाली गोव्यात फोंडा. मी गाते आणि पेटी वाजवते, धाकटा भाऊ तबल्याला. माझा सा काळी तीन, म्हणजे पेटीच्या सप्तकातली तिसरी काळी पट्टी. धारवाडचा मित्र काळी एकमध्ये गातो, फोंड्याची मैत्रीण पांढरी पाचमध्ये. हे तीन स्वर कागदावर लिहिले की भावाला तीन तबले उचलून न्यायची गरज नाही, हे लगेच दिसतं. तबला षड्जात (सा) लावता येतो तसा पंचमातही (प). काळी एक हा मित्राचा सा, आणि तोच माझ्या काळी तीनचा पंचम. म्हणजे एकाच तबल्यावर दोघांचं काम झालं. पांढरी पाचचा पंचम पांढरी दोन, काळी एकच्या फक्त अर्धा स्वर वर. वादीत (बाजूच्या चामडी पट्ट्यांत) अडकवलेले लाकडी गठ्ठे थोडे खाली ठोकले की चांगला तबला तिथवर चढतो. त्याहून वर मात्र ओढू नये. गजऱ्यावर (तोंडाभोवतीच्या विणलेल्या कडेवर) ताण येतो आणि एखाद्या वेळी पुडीच (वरचं चामडं) जाते. तेव्हा सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा, काळी एकला छान बोलणारा एक तबला आणि एक डग्गा, बास. भावाला हे पटवायला वेळ लागतो, कारण तबलजींना एक जादा तबला जवळ असल्याशिवाय झोप येत नाही. त्याला सांगायचं, जादा हवाच असेल तर तो तुझ्या खांद्यावर.

पेटीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी) घरी ठेवायचा. त्याचं वजन सहज पंधरा किलोच्या पुढे जातं, जिन्यावरून चढवताना दोघांची कंबर धरते, आणि प्रवासातल्या धक्क्यांनी त्याचा सरकता पट्टा कुरकुरायला लागतो. त्यापेक्षा घडी होऊन बॅगेसारखी बंद होणारी पेटी घ्यायची आणि निघण्याआधी पंधरा दिवस काळी एक, काळी तीन आणि पांढरी पाच अशा तिन्ही ठिकाणांहून बोटं फिरवायची. नेहमीच्या चार-पाच चिजा आणि अभंग तिथून वाजले म्हणजे झालं. सगळं भांडार वाजायची गरज नाही.

यजमानांकडे पेटी असेल तर ती आपल्या पेटीशी जुळते का, हे फोनवरच तपासता येतं. त्यांना मधल्या सप्तकातला एक स्वर लांब धरायला सांगायचा आणि आपल्याकडे ट्यूनरचं ॲप लावायचं. जुन्या पेट्या बऱ्याचदा आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला नसतात, थोड्या चढ्या किंवा उतरत्या असतात. तबला, तानपुरा खाली-वर करता येतो, पेटीचे सूर बैठकीत बसून घासता येत नाहीत. दोन पेट्या जुळत नसतील तर एकच उघडायची, आणि ती शक्यतो यजमानांची. आपली पेटी कितीही गोड असली तरी दुसऱ्याच्या घरी त्यांची पेटी बाजूला सारून आपली मांडणं बरं दिसत नाही.

तानपुरा न्यायचा नाही. भोपळा आणि लांब दांडी घेऊन गर्दीच्या गाडीत चढणं म्हणजे सगळा प्रवास त्या भोपळ्याच्या काळजीत घालवणं. फोनमधलं तानपुऱ्याचं ॲप आणि एक छोटा स्पीकर पुरतो. फक्त तो फोन विमान-मोडवर टाकायचा, नाहीतर विलंबित ख्यालात कुणाच्या तरी मावशीचा फोन येतो. धारवाडला मित्राकडे खरा तानपुरा आहे, तिथे स्पीकर पिशवीतून काढायचासुद्धा नाही.

मिरजेचा थांबा याच तानपुऱ्यासाठी आहे. सतार आणि तानपुरे बनवणारी घराणी तिथे दीडशेहून अधिक वर्षं आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचे भोपळे पंढरपूरकडच्या भागातून येतात. वाद्य विकत घ्यायचं नसलं तरी सतारमेकर गल्लीत जाण्याची तयारी करूनच निघायचं: मित्राच्या तानपुऱ्याच्या तारा कुठल्या जाडीच्या, खर्जाची (सर्वांत खालच्या सुराची) पितळी तार किती जुनी झाली, घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) खाच पडली आहे का, हे विचारून लिहून घ्यायचं आणि घोडीचा जवळून फोटो मागवायचा. एका तानपुऱ्याचा तारांचा संच ही धारवाडच्या घरी न्यायला मिठाईपेक्षा शंभर पटींनी बरी भेट आहे. तसंही धारवाडला पेढे नेण्यात काय अर्थ? जवारी काढून (घोडीचा माथा घासून तारांचा झंकार जुळवून) घ्यायची असेल तर मात्र ते उभ्या-उभ्या होणारं काम नाही. कारागिराला आधी फोन करून वेळ घ्यायची. मिरजेतच किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. १९३७ साली ते गेले, आणि दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. उरुसाच्या दिवसांत जाणार असाल तर राहायची सोय फार आधी करायची.

आता पिशवी. तबल्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात हातोडी, एक-दोन जादा गठ्ठे, पावडरची छोटी डबी, मऊ फडकं. तबला-डग्ग्याखाली ठेवायच्या चुंबळी दोन्ही मोजून घ्यायच्या, कारण विसरायची वस्तू म्हणजे तीच. उशीच्या अभ्र्यात जुनी साडी गुंडाळून काम भागतं, पण ते डग्ग्याला चालतं, तबल्याला नाही. पेटीच्या खोक्यात सिलिका जेलच्या चार पुड्या, एक बारीक ब्रश आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर. पट्टी न दाबताच सूर वाजत राहिला तर बहुतेक वेळा दमटपणाने पट्टी अडकलेली असते किंवा खाली धुळीचा कण असतो. वरची फळी उघडून फुंकर मारली, ब्रश फिरवला की सुटते. यापलीकडे काही बिघडलं तर हात लावायचा नाही. विमानाने जाणाऱ्यांनी हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर चेक-इनच्या सामानात टाकावेत.

रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं, त्यामुळे पेटी-तबल्याने काही अडत नाही. प्रश्न जागेचा असतो. एक तरी खालचा बर्थ आपला असेल असं बघायचं. पेटी खाली साखळीने बांधायची, तबला-डग्गा वरच्या बर्थवर पायाशी. खाली ठेवलेल्या गोल पिशवीवर कुणीतरी टेकतंच, आणि पुडी माणसाच्या वजनासाठी केलेली नसते. स्टेशनवरून पुढे मोटारीने जाताना वाद्यं डिकीत कोंडून गाडी उन्हात उभी करायची नाही. फोंड्याला रेल्वे नाही. कुळ्याला किंवा मडगावला उतरून पुढे गाडी करावी लागते, तेव्हा ती आधीच सांगून ठेवायची आणि ‘दोन माणसं’ असं न सांगता ‘दोन माणसं आणि तीन मोठे नग’ असं सांगायचं.

धारवाडहून घाट उतरून गोव्यात आलं की हवा बदलते आणि चामडं ओल धरतं. एसी डब्यात टणक वाजणारा तबला फोंड्यात पोचल्यावर खाली आलेला असतो. पोचल्या-पोचल्या हातोडी हाणायची नाही. पिशवी उघडून वाद्य अर्धा-पाऊण तास खोलीच्या हवेत ठेवायचं, मग मिळवायचं, आणि बैठकीच्या मध्ये पुन्हा एकदा. ‘तबला उतरलाय’ हे सगळ्यांदेखत भावाला सांगण्याचा मोह मला होतो. तो आवरायचा, त्याला ते माझ्याआधी ऐकू आलेलं असतं.

भावंडांनी एकत्र वाजवण्याचा फायदा असा की लय वेगळी समजवावी लागत नाही. तोटा असा की घरच्या तालमीत एकमेकांना मध्येच तोडायची, ‘अगं, पुन्हा घे’ म्हणायची सवय असते आणि ती तशीच परक्या घरी जाते. म्हणून दोन-तीन खुणा ठरवून घ्यायच्या: लय चढवायची तर मान, ठेका बदलायचा तर हात, संपवायचं तर शेवटची ओळ तीनदा. चुकलं तर चहाच्या वेळीसुद्धा बोलायचं नाही, गाडीत बसल्यावर बोलायचं.

काय गायचं यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा. स्वतःला येणारं सगळं घेऊन जाण्याची चूक फार जण करतात. मित्रांकडे जाताना आपलं थोडं आणि दोघांना मिळून येण्यासारखं जास्त, असं प्रमाण ठेवायचं. धारवाडचा मित्र कन्नड वचनं आणि हरिदासांची भक्तिपदं गातो. पुरंदरदासांच्या पदांत शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ येतो, तोच विठ्ठल आपल्या अभंगात, मग एक पद त्याचं आणि लगोलग त्याच रागातला एक अभंग आपला, अशी जोडी छान लागते. त्यासाठी पद आधी मागवायचं, आणि नुसतं लिहून नव्हे. कन्नडमधला ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ आपल्या देवनागरीत वेगळे दिसत नाहीत. वहीत उतरवून पाठ केलं तर ओळीचं वजनच चुकतं. त्याच्याकडून एकदा नुसतं म्हणून, एकदा गाऊन असे दोन आवाज पाठवून घ्यायचे. बदल्यात आपल्या अभंगाचेही पाठवायचे. ठेकाही बोलून घ्यायचा. आपण भजनी म्हणून जो आठ मात्रांचा ठेका धरतो, त्याच्या डोक्यात तिथे दुसरंच वजन असू शकतं. भाऊ आणि तो फोनवर पाच मिनिटं नुसते बोल म्हणाले की हा गुंता सुटतो.

तो काळी एक आणि मी काळी तीन, मग एकत्र गायचं कसं? भजनात एकाने दुसऱ्याच्या पट्टीत जायचं, कडवी एकाची आणि ध्रुवपद सगळ्यांचं. मी खाली येऊन गाते, मला खर्ज बरा लागतो. दोघांनी आपापला सा सोडायचा नाही असंही गाणं आहे. पंडित जसराजांची जसरंगी जुगलबंदी त्याच तत्त्वावर उभी आहे, बाईचा सा पुरुषाचा मध्यम धरून. पण ते मूर्च्छनेचं (सा बदलून त्याच सुरांतून दुसरा राग काढण्याचं) काम आहे, दोन फोनवर जमणारं नव्हे.

धारवाडला एक मोकळी सकाळ ठेवायची. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं ‘मृत्युंजय’ हे घर तिथे आता स्मारक म्हणून जपलं आहे. हुबळी विसेक किलोमीटरवर, आणि तिथून पुढे कुंदगोळ, गायक सवाई गंधर्वांचं गाव. एका दिवसात हे सगळं कोंबून संध्याकाळी गायला बसू नये, आवाज बसलेला असतो. एकच निवडा, मी कुंदगोळ निवडते.

फोंड्याच्या बाजूची तयारी वेगळी. तिथे मैत्रिणीच्या घरी घुमट आहे, आणि भावाला तो वाजवायचा आहे. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं भांडं, एका तोंडावर चामडं. आरतीत शामेळ (चर्मवाद्य) आणि कांसाळ्यांबरोबर (झांजांबरोबर) वाजतो. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. घुमट विकत घ्यायचा असेल तर बकऱ्याच्या चामड्याचाच, आणि कुणी प्रेमाने जुना देऊ केला तर कातडं कशाचं हे विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. मातीचं भांडं परतीच्या गाडीत फुटू नये म्हणून एक जादा चादर आतापासूनच सामानात.

यजमानांना विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत पण नाजूक. घरात दहावी-बारावीचं कुणी आहे का, आजारी किंवा तान्हं कुणी आहे का, खालच्या मजल्यावर कोण राहतं. लाऊडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असतेच, पण स्पीकर नसला तरी डग्ग्याची घूम लादीतून खालच्या घरात जाते. खाली दोन जाड सतरंज्या घालायच्या, आणि साडेनऊनंतर तबला बंद, नुसतं गाणं. शेजाऱ्यांना ऐकायला बोलावणं हा उत्तम उपाय आहे, पण ते यजमानांनी ठरवायचं. जेवण गाण्यानंतर हवं, हेही आधीच सांगून टाकायचं. कोकणी घरात आग्रहाचं जेवण झाल्यावर कुणाचाही सा लागत नाही.

घशासाठी मी पाण्याचा थर्मास सोडून काही नेत नाही. खिडकीची धूळ टाळायला ओढणी नाकावर, गाडीत गप्पा कमी. खडीसाखर, ज्येष्ठमध, लवंग ज्याला जे लागू पडतं त्याने ते घ्यावं. नवीन काढा मात्र बैठकीच्या दिवशी पहिल्यांदा पिऊन बघू नये.

रेकॉर्डिंग करणार असाल तर दुसरा फोन ठेवा, तानपुऱ्याचा वेगळा. रेकॉर्डिंगचा फोन पेटीवर ठेवला तर भात्याची धाप तेवढी येते. सात-आठ फुटांवर स्टुलावर ठेवायचा, तबल्यापेक्षा गाणाऱ्याच्या बाजूला. सुरू करण्याआधी सगळ्यांना सांगायचं, आणि कुठे टाकायचं असेल तर पुन्हा वेगळं विचारायचं. घरच्या बैठकीत लोक मोकळे गातात, अडखळतात, हसतात. ते जगाला दाखवायचं की नाही हे गाणाऱ्याने ठरवावं.

राहिली परतीची तिकिटं. फोंड्याची बैठक शेवटची असल्यामुळे ती वेळेवर संपणार नाही, हे धरून चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी घेऊ नका, दुपारनंतरची घ्या.